तेलाच्या चिठ्ठीत एक रकाना वाढवा

देशातले खाद्यतेल आयातदार, रिफायनरीचालक आणि पामतेलावर फरसाण, बिस्किटं, मिठाई बनवणारे उद्योजक यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी तुमच्यातलाच आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत मी २७ वर्षं काढली. टँकर गेटवर आला की वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने घ्यायचे, एकत्र करायचे आणि लवकरात लवकर सांगायचं: फ्री फॅटी ॲसिड (म्हणजे तेल किती फुटलं आहे, याचं माप) किती, ओलावा किती, आयोडिन व्हॅल्यू किती, रंग कसा. फॅटी ॲसिड पाच टक्क्यांच्या वर गेलं की खरेदी खात्याचा फोन यायचा आणि भाव तोडायचा की गाडी परत पाठवायची, यावर वाद व्हायचा. नमुन्याच्या बाटलीला जी चिठ्ठी लावायचो तिच्यावर गाडीचा नंबर असे, जहाजाचं नाव असे, बंदरावरच्या टाकीचा क्रमांक असे. हे तेल कुठल्या मिलमधून, म्हणजे पामच्या फळांतून कच्चं तेल काढणाऱ्या कुठल्या कारखान्यातून निघालं, हा रकाना मात्र तिच्यावर नव्हता. इतक्या वर्षांत मीही तो कधी मागितला नाही. आज मागतो आहे.

निमित्त ३० मे २०२५ च्या निर्णयाचं. केंद्र सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. कच्च्या आणि रिफाइंड तेलाच्या शुल्कातली तफावत १९.२५ टक्के झाली. बाहेरून तयार पामोलिन (शुद्ध केलेल्या पामतेलाचा पातळ भाग) आणण्यापेक्षा कच्चं तेल आणून इथे शुद्ध करणं परवडू लागलं. आपल्या उद्योगाची ही जुनी मागणी होती आणि ती पूर्ण झाल्याचा मला आनंदच आहे. रिकाम्या टाक्या भरल्या की माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना काम मिळतं. पण या सवलतीला एक अट हवी होती, ती नाही. आपण सरकारला भाव सांगितला, रोजगार सांगितला, बंद पडणाऱ्या कारखान्यांचे आकडे सांगितले. तेल कुणाचं घर मोडून आलं आहे का, हे आपण सांगितलं नाही आणि सरकारनंही विचारलं नाही.

ते घर कुणाचं, हे मला एका प्राण्यामुळे कळलं. पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात बिन्नी नावाची ओरांगउटान मादी होती. माझी मुलगी लहान असताना तिला घेऊन मी कात्रजला गेलो होतो. बिन्नी डोक्यावर गोणपाट ओढून, भिंतीला टेकून बसली होती. मुलगी बराच वेळ जाळीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हिचा रंग तुमच्या ॲप्रनसारखा आहे." कच्च्या पामतेलाचे डाग कसे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. कॅरोटीनचा तो तांबूस नारिंगी रंग कितीही धुतला तरी कापडातून जात नाही. २००३ मध्ये बिन्नीला ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात हलवलं. २०१९ मध्ये, ४१ वर्षांची होऊन, ती तिथेच मेली. भारतातली ती एकमेव ओरांगउटान होती. बातमी वाचली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि हाताशी वेळ होता. तिच्या जातभाईंविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता आपल्याच टाक्यांपाशी येऊन पोचलो.

मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे वन. हा वनमाणूस जगात फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर उरला आहे. त्याच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. तिसरी जात, सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगराळ जंगलातली तापानुली, शास्त्रज्ञांनी वेगळी म्हणून नोंदवली ती २०१७ मध्ये, आणि तेव्हाच तिची संख्या ८०० पेक्षा कमी होती. तिथला धोका मुख्यतः जलविद्युत प्रकल्पाचा आणि सोन्याच्या खाणीचा आहे. सगळं खापर तेलावर फोडायला मी बसलेलो नाही. पण बोर्निओचा हिशेब आपल्याला टाळता येणार नाही. १९९९ ते २०१५ या काळात त्या बेटावरचे एक लाखाहून अधिक ओरांगउटान कमी झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेलबागा, कागदासाठीची लागवड, लाकूडतोड आणि खाणी यांनी जंगल खाल्लं. जिथे जंगल उभं होतं तिथेही माणसांनी त्यांना मारलं.

ही संख्या पुन्हा भरून येणं इतकं अवघड का, ते त्यांच्या बाळंतपणाच्या हिशेबावरून कळतं. ओरांगउटान मादीला साधारण सात ते नऊ वर्षांनी एक पिल्लू होतं. तितकी वर्षं ती आधीच्या पिल्लाला सोबत ठेवते. कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल चावायची, वाळवी कशी काढायची, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं कसं बांधायचं, हे सगळं पिल्लू आईकडे बघून शिकतं. एक मादी मेली की तिच्याबरोबर पुढच्या दोन-तीन बाळंतपणांची शक्यता जाते आणि पाठीवरचं पिल्लू कशालाच लायक उरत नाही. बाजारात विकायला येणारं पिल्लू जवळजवळ नेहमी आईला मारूनच मिळवलेलं असतं, कारण जिवंत आई ते सोडत नाही.

मार्च २०१९ मध्ये सुमात्राच्या आचेह प्रांतात, सुबुलुस्सलामजवळच्या एका तेलबागेत, एक मादी सापडली. तिच्या अंगात छऱ्याच्या बंदुकीचे ७४ छरे होते, दोन्ही डोळे गेले होते, खांद्याचं हाड मोडलं होतं. कुशीत महिन्याभराचं पिल्लू होतं. सुटका करून नेत असताना ते कुपोषणानं वाटेतच मेलं. तिचं नाव ठेवलं होप. हाडाची शस्त्रक्रिया झाली, ती जगली, पण आंधळ्या मादीला जंगलात सोडता येत नाही. मी छोट्या बागायतदाराला राक्षस ठरवत नाही. जंगल तुटल्यावर उपाशी जनावर पाम-रोपांचे कोवळे कोंब खायला बागेत शिरतं आणि ज्याचं वर्षाचं पोट त्या रोपांवर आहे तो बंदूक काढतो. आपल्याकडे गवा उसात शिरला की काय होतं, हे कोल्हापूरकडच्या माणसाला विचारा. पण गव्याला मागे परतायला राधानगरीचं जंगल आहे. होपच्या मागे काय उरलं होतं?

अशा प्राण्यांची सुटका करणारी माणसं आहेत आणि त्यांच्या कामाची माहिती आपल्या उद्योगात जवळपास कुणालाच नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मलेशियाच्या साबा राज्यातलं सेपिलोक केंद्र १९६४ पासून आहे. ओरांगउटानच्या अभ्यासक बिरुटे गाल्डिकास १९७१ मध्ये बोर्निओतल्या तांजुंग पुतिंगच्या जंगलात गेल्या आणि आयुष्य तिथेच घातलं. बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागात, मध्य कालिमंतान प्रांतात, न्यारू मेंतेंग हे केंद्र १९९९ मध्ये उभं राहिलं. झाडावर अडकलेल्या मोठ्या ओरांगउटानला भुलीची सुई मारतात, तेव्हा खाली चार-सहा जण जाळं धरून उभे असतात, कारण पन्नास फुटांवरून शुद्ध हरपून पडलेलं जनावर नुसत्या जमिनीवर आदळलं तर मरतं. पिल्लू मिळालं तर आधी अलग ठेवून क्षयाची, काविळीची तपासणी करतात, कारण माणसाचे रोग त्याला सहज लागतात. मग सुरू होते ती शाळाच. तिथली माणसं तिला वनशाळाच म्हणतात. गावातल्या बायका सकाळी पिल्लांना कडेवर घेऊन, ढकलगाडीत बसवून जंगलात नेतात आणि झाडावर चढायला लावतात. काय खायचं, सापाला का घाबरायचं, घरटं कसं वळायचं, जे आईनं शिकवायचं ते त्या शिकवतात. वय वाढेल तसं त्याच बायकांना त्या पिल्लाला स्वतःपासून तोडावं लागतं, कारण माणसाला न बुजणारं ओरांगउटान जंगलात टिकत नाही. पुढे नदीतल्या एखाद्या बेटावर त्याला बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर राहू देतात. ते जमलं तर हेलिकॉप्टरनं, होडीनं, पायी वाहून दूरच्या राखीव जंगलात. यात सात-आठ वर्षं सहज जातात. सोडल्यानंतरही पहाटे घरटं सोडल्यापासून संध्याकाळी नवं बांधेपर्यंत माणसं मागावर असतात, नोंदी ठेवतात. न्यारू मेंतेंग चालवणाऱ्या बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल फाउंडेशननं २०१२ पासून आपल्या दोन्ही केंद्रांतून सुमारे पाचशे ओरांगउटान असे परत पाठवले आहेत.

पाचशे हा आकडा मी मान खाली घालून वाचला. इतकी मेहनत, आणि समोर लाखाचा खड्डा. केंद्रांतली माणसं स्वतःच सांगतात की सोडायला सुरक्षित जंगल मिळणं हेच सर्वात कठीण आहे. ज्या जंगलात आधीच पुरेसे ओरांगउटान आहेत तिथे नवे सोडले तर दोघांनाही खायला कमी पडतं. म्हणजे जंगल राखलं नाही तर ही सगळी सुटका पिंजऱ्यापाशीच येऊन थांबते.

त्या जंगलाचं एक वैशिष्ट्य आपल्या लोकांनी समजून घ्यावं. त्यातलं बरंचसं दलदलीवर उभं आहे. हजारो वर्षं पाण्यात न कुजता साठलेल्या पाल्यापाचोळ्याचा थर, पीट, काही ठिकाणी दहा मीटरहून खोल आहे. लागवडीसाठी कालवे खणून त्यातलं पाणी काढलं की तो थर वाळतो आणि पेटला की जमिनीच्या आत धुमसत राहतो. १९९६ च्या सुमारास इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारनं भातासाठी मध्य कालिमंतानमधली सुमारे दहा लाख हेक्टर जमीन अशीच कोरडी करायला घेतली. भात पिकला नाही, आगी मात्र वर्षानुवर्षं लागत राहिल्या. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं आणि धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. त्या वर्षी केंद्रांतल्या पिल्लांनाही माणसांसारखाच श्वासाचा त्रास झाला.

आता माझ्या तक्रारी. त्या तुमच्याविषयी आहेत, म्हणून तुमच्यासमोर मांडतो.

पहिली, आपण जगातले सर्वात मोठे पामतेल आयातदार आहोत आणि तसं वागत नाही. गेल्या काही तेलवर्षांत देशानं वर्षाला ७५ ते ९८ लाख टन पामतेल आणलं, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियाहून. भाव ठरवताना, जहाज उशिरा आलं तर दंड लावताना आपण या वजनाचा पुरेपूर उपयोग करतो. जंगलाचा प्रश्न आला की आपण अचानक छोटे गिऱ्हाईक होतो.

दुसरी तक्रार माझ्या अनुभवाची. निवृत्तीनंतर साधा ग्राहक म्हणून मी एका नावाजलेल्या तेल कंपनीला पत्र लिहून विचारलं की तुमचं पामोलिन कुठल्या मिलमधून येतं. उत्तर आलं की आमचं उत्पादन अन्नसुरक्षेच्या सर्व मानकांत बसतं. मी ते विचारलंच नव्हतं. मानकं मला तोंडपाठ आहेत. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच छापील उत्तर. तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही.

तिसरी तक्रार सर्वात जास्त बोचते. हे काम होत नाही असं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच कारखान्यात एका परदेशी बिस्किट कंपनीची मागणी आली तेव्हा तिच्यासाठी वेगळी टाकी धुऊन ठेवली, वेगळी पाइपलाइन दिली आणि कागदपत्रांत मिलचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, सगळं होतं. ती खेप संपली की टाकी पुन्हा नेहमीच्या तेलासाठी. नेहमीचं म्हणजे आपल्या लोकांचं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखरेबरोबर एक लिटर पामतेल होतं. लाखो घरांत त्यावर चकल्या आणि करंज्या तळल्या गेल्या. त्या घरांना परदेशी बिस्किटवाल्याइतकं उत्तर मिळायचा हक्क नाही का?

आणि यापुढे हा भेद वाढणार आहे. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला की ज्या तुकड्यावर माल पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि तिथे जंगल तोडलं नाही हे दाखवायचं. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण पुरवठादार तयारीला लागले आहेत. आपण काही मागितलं नाही तर हिशेबाचं तेल तिकडे जाईल आणि बिनहिशेबाचं आपल्या बंदरांवर उतरेल.

आता तुम्ही म्हणाल, पामतेलाचा माग काढणं अशक्य आहे, हजारो बागांचं तेल एकत्र होतं. इथे मी केमिस्ट म्हणून बोलतो. पामचा घड झाडावरून उतरवला की त्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) तेल फोडायला लागतं आणि फॅटी ॲसिड चढतं. म्हणून एक-दोन दिवसांत फळ मिलमध्ये पोचावंच लागतं. ज्या आकड्यासाठी आपण गाडी परत पाठवतो, तोच आकडा सांगतो की बाग मिलपासून फार लांब असू शकत नाही. मिलचं नाव कळलं की तिच्याभोवती साधारण पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात गेल्या काही वर्षांत जंगल किती होतं आणि किती उरलं, ते उपग्रहाच्या नकाशावर कुणालाही पाहता येतं. डिओडरायझरमधून, म्हणजे रिफायनरीतल्या वास काढणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडलेल्या तेलाला रंग नसतो, वास नसतो, गाव नसतं. कच्च्या तेलाला गाव असतं. ते पुसलं जायच्या आधी लिहून ठेवायचं, इतकंच काम आहे.

पामतेलावर बहिष्कार टाका, असं मी म्हणत नाही आणि म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एका हेक्टरात पाम तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. पाम सोडून सोयाकडे वळलो तर तितक्याच तेलाला कितीतरी पट जमीन लागेल आणि ती कुठल्यातरी दुसऱ्या जंगलातून येईल. इंडोनेशियातल्या तेलबागांची साधारण चाळीस टक्के जमीन छोट्या शेतकऱ्यांकडे आहे, त्यांचंही पोट आहे. शिवाय गिऱ्हाइकानं विचारलं की फरक पडतो, हे दिसलेलं आहे. २०१३ नंतर बड्या व्यापारी कंपन्यांनी जंगलतोड नाही, पीटवर लागवड नाही, मजुरांची पिळवणूक नाही अशी धोरणं जाहीर केली, मिलच्या याद्या उघड केल्या, आणि पुढच्या काही वर्षांत इंडोनेशियात तेलबागांसाठी होणारी तोड बरीच घटली. आपल्यातल्या काहींनीही याद्या द्यायला सुरुवात केली आहे. त्यांचं मी मनापासून अभिनंदन करतो. बाकीच्यांनी का थांबावं?

आणखी एक. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं ११,०४० कोटी रुपयांचं पामतेल मिशन मंजूर केलं, त्यात भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे. आयात कमी व्हावी, हे बरोबरच. पण भारतात रानात राहणारा एकुलता एक कपी, हुलॉक गिबन, त्याच ईशान्येच्या जंगलात आहे. ज्या कंपन्या तिथे रोपं आणि मिल घेऊन चालल्या आहेत, त्यांनी बोर्निओत काय झालं ते आधी पाहावं. पडीक आणि झूम (फिरत्या) शेतीची जमीन म्हणून जे नकाशावर दिसतं, त्यात उगवत असलेलं जंगलही असतं.

माझ्या मागण्या अशा:

१. प्रत्येक आयातदारानं आणि रिफायनरीनं आपण ज्या मिलमधून तेल घेतो त्यांची नावं आणि ठिकाणं दर सहा महिन्यांनी जाहीर करावीत. मराठीतही.

२. नव्या खरेदी करारात एक कलम घालावं: ठरलेल्या तारखेनंतर जंगल तोडून किंवा पीट कोरडं करून लावलेल्या बागेचं तेल घेणार नाही. तारीख तुम्ही ठरवा, पण ठरवा.

३. कलम मोडणाऱ्या पुरवठादाराला एकदम सोडून देऊ नये. तोडलेलं जंगल परत उभं करण्याची आणि ओरांगउटानच्या सुटकेचा, पुनर्वसनाचा खर्च उचलण्याची अट घालावी. सोडून दिलं की तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो आणि जंगल तसंच पडतं.

४. फरसाण आणि बिस्किटवाल्यांनी पाकिटावर 'पामोलिन' या शब्दाशेजारी त्याचा माग सापडतो की नाही, ते छापावं. खर्च वाढत असेल तर किलोमागे किती, हेही सांगावं. ग्राहकाला न विचारताच 'तो देणार नाही' असं गृहीत धरू नका.

५. केंद्र सरकारकडे मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू या: शुल्कात जी सवलत मिळाली ती पुढे माग दाखवणाऱ्या तेलालाच मिळावी. आणि राज्य सरकारनं शिध्यासाठी जेव्हा पामतेल घेतलं जाईल तेव्हा निविदेत हीच अट घालावी.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला माहीत आहे. पण एक गोष्ट उद्या सकाळी होऊ शकते. प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगा, नमुन्याच्या चिठ्ठीवर जहाजाच्या नावाखाली एक ओळ आखा आणि तिथे 'मिल' असं लिहा. सुरुवातीचे काही महिने ती ओळ रिकामी राहील. रिकामी चिठ्ठी टेबलावर आली की खरेदी खात्याला पुरवठादाराला फोन करावा लागेल, जसा ते फॅटी ॲसिड चढलं की करतात.

तुमच्यापैकी कुणाला हा रकाना कसा भरायचा, यादी कशी तपासायची, यासाठी माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे. मानधन नको. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त तेल-केमिस्ट
पनवेल